कळते, पण वळत नाही: विचार तपासूनही भीती का जात नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. तुम्ही लिहिता, की कार्यालयातील बैठकीत बोलण्याची वेळ आली की तुमचा आवाज कापू लागतो, शब्द सापडत नाहीत आणि आता आपले हसे होणार याची खात्री वाटू लागते. एका पुस्तकातून बोधनिक-वर्तन उपचारपद्धतीची, म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलू पाहणाऱ्या सीबीटीची, ओळख झाल्यावर गेले तीन महिने तुम्ही नेमाने विचारांची नोंदवही ठेवत आहात. मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, त्याच्या विरुद्ध पुरावा आणि शेवटी समतोल विचार, असे तिचे रकाने आहेत. कागदावरचा हिशेब दर वेळी बरोबर येतो. ‘सगळे मला मूर्ख समजतील’ हे विधान पुराव्यापुढे टिकत नाही, हे तुम्हाला पटते. तरीही बैठकीच्या खोलीत पाऊल टाकले की छाती धडधडायची ती धडधडतेच. तेव्हा बोधनिक दृष्टिकोन म्हणजे शास्त्रीय भाषेत स्वतःची समजूत घालणे एवढेच आहे का, आणि तसे असेल तर ती समजूत मनाला का पटत नाही, असे तुम्ही विचारले आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून गेली बावीस वर्षे मी काम करते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला सतत ऐकायला मिळतो. विचारणारा बहुधा बुद्धिमान असतो, दिलेला अभ्यास प्रामाणिकपणे करणारा असतो आणि थोडा दमलेलाही असतो. त्याच्या तक्रारीसाठी मराठीत आयता वाक्प्रचार आहे: कळते, पण वळत नाही. तुम्हाला वाटते, की या अनुभवामुळे बोधनिक दृष्टिकोन खोटा ठरतो. मला उलट वाटते. कळणे आणि वळणे यांच्यामध्ये मनात काय घडते, हाच या दृष्टिकोनाचा मूळ विषय आहे. स्वमदतीच्या पुस्तकांनी ‘विचार’ या शब्दाचा अर्थ फार आखडून टाकल्यामुळे तो दिसेनासा झाला आहे, इतकेच.

आधी एक साधे उदाहरण घेऊ. दोन समान लांबीच्या रेषा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली टोके द्या आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी. दुसरी रेषा लांब दिसते. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडलेला हा दृष्टिभ्रम प्रसिद्ध आहे. आता पट्टी घेऊन दोन्ही रेषा मोजा आणि पुन्हा पाहा. लांबी समान आहे हे तुम्हाला आता निश्चितपणे ठाऊक आहे, तरी दुसरी रेषा लांबच दिसत राहते. तुमच्या ज्ञानात काहीही कमी नाही. पण हे ज्ञान मनाच्या ज्या भागात आहे, तेथून ते रेषेची लांबी ठरवणाऱ्या भागापर्यंत पोहोचत नाही. तुमची नोंदवही ही मोजपट्टी आहे. ती अचूक आहे, पण भीतीचा निकाल ती लावत नाही. भीती मात्र दृष्टिभ्रमाइतकी हट्टी नसते; योग्य प्रकारचा अनुभव मिळाला तर ती बदलते, आणि या उत्तराचा उत्तरार्ध त्याबद्दलच आहे.

‘बोधनिक’ या शब्दाकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. (काही पाठ्यपुस्तकांत ‘बोधात्मक’ किंवा ‘संज्ञानात्मक’ असेही शब्द आढळतात; अर्थ एकच.) जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवादाचा जाहीरनामा मांडला आणि त्यानंतर कित्येक दशके, विशेषतः अमेरिकेत, मानसशास्त्राने डोक्याच्या आत डोकावणे जवळजवळ वर्ज्य मानले. उद्दीपक आणि प्रतिसाद यांचीच नोंद करायची, मधल्या गोष्टींबद्दल बोलायचे नाही, अशी ती शिस्त होती. या शिस्तीला पहिले तडे वर्तनवादी प्रयोगशाळांतच गेले. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स होन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांच्या एका गटाला चक्रव्यूहात दहा दिवस नुसते फिरू दिले, शेवटच्या टोकाला बक्षीस काहीच ठेवले नाही. हे उंदीर काही शिकताहेत असे त्यांच्या वागण्यावरून दिसत नव्हते. अकराव्या दिवशी शेवटी अन्न ठेवले, आणि पहिल्या दिवसापासून अन्न मिळत आलेल्या उंदरांची बरोबरी त्यांनी लगेचच केली. म्हणजे वाटांची माहिती डोक्यात जमा होत होती, ती वागण्यात उतरलेली नव्हती. कळणे आणि वळणे यांतील अंतर उंदरांतही असते, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगते. टोलमन यांनी पुढे १९४८ मध्ये यासाठी ‘बोधनिक नकाशा’ हा शब्द रूढ केला.

पुढची हकीकत झपाट्याने घडली. ११ सप्टेंबर १९५६ रोजी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एका परिसंवादात जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवर, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या रचनेवर आणि ॲलन न्यूवेल व हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणाऱ्या संगणक-प्रणालीवर निबंध वाचले. पुढे १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी अवधानाला गाळणीची उपमा दिली आणि १९६७ मध्ये उलरिक नायसर यांच्या पाठ्यपुस्तकाने या साऱ्या खटाटोपाला ‘बोधनिक मानसशास्त्र’ हे नाव मिळवून दिले. या यादीत ‘चांगले विचार करा’ असे म्हणणारा एकही माणूस नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यांना जाणून घ्यायचे होते ते हे, की बाहेरून आलेल्या माहितीतून मन काय निवडते, निवडलेल्याचा अर्थ कसा लावते, काय साठवते आणि साठवलेले पुन्हा कसे उभे करते. यातला फारच थोडा भाग शब्दबद्ध विचारांच्या रूपात आपल्यासमोर येतो. तुमच्या नोंदवहीत आला आहे तो तेवढाच भाग.

आता तुमच्या बैठकीच्या खोलीत जाऊ आणि ही यंत्रणा तेथे काय करते ते पाहू.

पहिली गोष्ट अवधानाची. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहण्यास सांगितले. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा होता की स्त्रीचा, एवढे त्यांना सांगता येई. पण तेथे काय बोलले जात होते, इतकेच काय, भाषा मध्येच बदलली हेसुद्धा त्यांच्या लक्षात येत नसे. जेथे लक्ष नाही तेथला पुरावा मनाच्या लेखी जवळजवळ नसतोच. बैठकीत तुमचे लक्ष कोठे असते? तुमच्या पत्रावरून उत्तर स्पष्ट आहे: आवाज कापतो का, चेहरा लाल झाला का, पुढचे वाक्य तयार आहे का. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक चिंतेचे जे प्रतिमान मांडले, त्यात या आत वळलेल्या अवधानाला मध्यवर्ती स्थान आहे. चिंताग्रस्त माणूस समोरच्या लोकांकडे पाहतच नाही. त्यांच्या डोळ्यांनी आपण कसे दिसत असू याचे एक चित्र तो मनात रंगवतो आणि त्या चित्राकडे पाहतो. ते चित्र धडधड, घाम, घशाची कोरड अशा आतल्या संवेदनांपासून बनलेले असते. त्यामुळे ‘मला इतके भयंकर वाटते आहे, म्हणजे मी तसाच दिसत असणार’ हा निष्कर्ष शब्दांत न येताच निघून जातो. खोलीतील पाच माणसे शांतपणे ऐकत होती, हा पुरावा तुमच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. रात्री वही उघडून तुम्ही पुराव्याचा रकाना भरता तो तर्काने. पाहिलेल्या गोष्टींनी नव्हे.

याला जोडूनच शब्द न सापडण्याची गोष्ट येते. कार्यकारी स्मृती, म्हणजे चालू क्षणी हाताशी धरलेली माहिती, अत्यंत तोकडी असते. मिलर यांनी १९५६ च्या आपल्या निबंधात सातच्या आसपास घटकांची मर्यादा सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सारा पुरावा तपासून ती चारच्या आसपास आणली. एवढ्याशा जागेत तुम्ही स्वतःच्या आवाजावर पहारा बसवता, पुढचे वाक्य घोळवता आणि लोकांच्या मतांचा अंदाजही बांधता. बोलण्याच्या विषयासाठी जागा उरतेच कोठे? शब्द सापडत नाहीत याचे कारण तुमची बुद्धी अपुरी असणे नव्हे, तुमच्या बुद्धीला त्या वेळी तीन कामांना जुंपलेले असते. दुर्दैव असे, की शब्द न सापडण्यालाच तुम्ही पुन्हा पुरावा मानता आणि पहारा आणखी कडक करता.

तिसरी गोष्ट स्मृतीची, आणि तीबद्दल मला थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: ‘बैठकीनंतर रात्री मी सगळे पुन्हा पुन्हा आठवत बसतो.’ आपली कल्पना अशी असते, की आठवणे म्हणजे जपून ठेवलेली चित्रफीत पुन्हा चालवणे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते, की आठवणे ही पुनर्रचना असते. मनात आधीपासून असलेल्या आराखड्याला साजेसे तपशील राहतात, न साजणारे गळतात किंवा बदलून जातात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ मधील प्रयोग याबाबत फार बोलका आहे. लोकांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि मोटारींच्या वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात ‘मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा अर्थाचे क्रियापद होते तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले. ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा’ अशा अर्थाचे क्रियापद होते तेव्हा ते सुमारे ४१ मैल झाले. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने त्यांनी विचारले, की फुटलेली काच पाहिली होती का. काच चित्रफितीत नव्हतीच. तरीही तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. सौम्य क्रियापदाच्या गटात असे ७ जण होते.

आता स्वतःला विचारा: बैठकीनंतर रात्री तुम्ही स्वतःला प्रश्न कोणत्या क्रियापदात विचारता? ‘मी काय बोललो?’ असे, की ‘मी कशी माती खाल्ली?’ असे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्मृती काचा पुरवते. सकाळपर्यंत त्या बैठकीची जी आठवण तयार होते, ती पुढच्या बैठकीच्या वेळी पुरावा म्हणून हजर राहते. क्लार्क आणि वेल्स यांच्या प्रतिमानात या रात्रीच्या उजळणीलाही स्थान आहे, आणि माझ्या अनुभवात बैठकीतील दहा मिनिटांपेक्षा ती जास्त नुकसान करते. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना वाटते, की ही उजळणी म्हणजे आत्मपरीक्षण आहे आणि ती सोडली तर आपण बेफिकीर होऊ. पण आत्मपरीक्षणातून पुढच्या वेळी वेगळे काय करायचे ते निघते. उजळणीतून फक्त निकाल निघतो, आणि तोही आधीच ठरलेला.

येथवरचे सूत्र एकदा बांधून ठेवते. नोंदवहीतला ‘सगळे मला मूर्ख समजतील’ हा विचार या यंत्रणेतून शेवटी बाहेर पडणारे वाक्य आहे. त्याच्या मागे आत वळलेले अवधान, भरून गेलेली कार्यकारी स्मृती आणि रंगवून साठवलेल्या आठवणी आहेत. वाक्य खोडून दुसरे लिहिले तरी ते तयार करणारी यंत्रणा तशीच चालू राहते आणि पुढच्या वेळी तेच वाक्य पुन्हा तयार करते.

मग उपचारात विचारांना एवढे महत्त्व आले कोठून? ॲरन बेक मूळचे मनोविश्लेषक. नैराश्यग्रस्त लोकांच्या मनात दडपलेला राग स्वतःवरच उलटलेला असतो, या सिद्धान्ताला ते रुग्णांच्या स्वप्नांतून पुरावा शोधत होते. त्यांना राग सापडण्याऐवजी गमावणे, नाकारले जाणे आणि हरणे हेच विषय पुन्हा पुन्हा सापडले. रुग्णांच्या जागेपणीच्या मनातही त्याच आशयाचे विचार क्षणात चमकून जात आणि ते खरे मानले जात. बेक यांनी त्यांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटले आणि १९६० च्या दशकात त्यांवर उपचारपद्धती उभारली. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासूनच जवळपास त्याच दिशेने, पण अधिक वादविवादाच्या शैलीत, काम सुरू केले होते. बेक यांच्या पद्धतीतील मला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिच्यात रुग्णाचा विचार चुकीचा आहे असे गृहीत धरलेले नसते. तो विचार म्हणजे एक गृहीतक आहे आणि उपचारक व रुग्ण दोघे मिळून ते तपासणार आहेत, असा तो करार असतो. तपासायचे म्हणजे वाद घालायचा असे नव्हे, हे पुस्तकांत लिहिलेले असते. वाचताना मात्र निसटते.

माझ्याही हातून ते निसटले होते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ येत. (ओळख राहू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चारचौघांसमोर सही करताना आपला हात थरथरतो, तो सर्वांना दिसतो आणि लोक आपल्याला दुबळे समजतात, अशी त्यांची खात्री होती. मी पाच सत्रे पुराव्यांची मांडणी करण्यात घालवली. ते प्रत्येक मुद्दा मान्य करत, आणि उठताना म्हणत, “तुमचे बरोबर आहे, मॅडम. पण तुम्ही मला तिथे पाहिलेले नाही.” मला तो प्रतिकार वाटे. खरे तर ते मला उपचाराची दिशाच सांगत होते: पुरावा तेथला हवा होता, माझ्या खोलीतला नव्हे. पुढे आम्ही ठरवून एक प्रयोग केला. त्यांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी सही करताना हात मुद्दाम थरथरवायचा, आणि डोळे कागदावर न ठेवता समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवायचे. किती जण थबकतील, टक लावून पाहतील किंवा काही बोलतील याचे भाकीत त्यांनी आधी लिहून ठेवले होते: तिघेही. प्रत्यक्षात एकाने ‘सावकाश करा’ असे म्हटले, बाकीच्या दोघांचे लक्षही नव्हते. पाच सत्रांत माझ्या युक्तिवादाने जे झाले नव्हते, ते त्या एका दुपारने सुरू झाले. सुरू झाले, संपले नाही. अजून कित्येक सह्या व्हायच्या होत्या.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय, ते आता नेमकेपणाने सांगते. पुढच्या बैठकीपूर्वी समतोल विचार लिहू नका. भाकीत लिहा, आणि ते असे लिहा की तिसऱ्या माणसाला खरेखोटे ठरवता यावे. ‘फजिती होईल’ हे भाकीत नाही, कारण ते कोणत्याही घटनेने खोटे पाडता येत नाही. ‘मी बोलू लागल्यावर किमान दोघे एकमेकांकडे पाहून हसतील आणि माझ्या मुद्द्यावर कोणीही प्रश्न विचारणार नाही’ हे भाकीत आहे. त्यावर तुमचा किती विश्वास आहे ते ० ते १०० मध्ये लिहा. तर्काने जितका वाटायला हवा तितका नव्हे, पोटातून जितका वाटतो तितका.

नंतर स्वतःची सुरक्षा-वर्तने शोधा. संकट टाळण्यासाठी आपण ज्या छोट्या युक्त्या करतो त्यांना हे नाव आहे: प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून पाहणे, भरभर बोलून मोकळे होणे, कागदाआड तोंड लपवणे, थरथर दिसू नये म्हणून हात घट्ट धरून ठेवणे, शक्य तितके कमी बोलणे. या युक्त्यांचा तोटा दुहेरी असतो. बैठक बरी गेली तर श्रेय युक्तीला जाते, ‘वाक्य पाठ केले होते म्हणून वाचलो’, आणि मूळ भाकीत अबाधित राहते. शिवाय नजर न देता, भरभर, तुटक बोलणारा माणूस इतरांना खरोखरच तुसडा किंवा अनुत्सुक वाटू शकतो. पुढच्या बैठकीत यांतील एकच युक्ती सोडा. सर्वांत सोपी असेल ती सोडली तरी चालेल. पण पूर्ण सोडा, अर्धवट नको.

बोलताना लक्ष बाहेर ठेवा. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, म्हणून त्याचा सराव आधी निरुपद्रवी ठिकाणी करावा लागतो. दुसरे कोणी बोलत असताना त्याचा आवाज, त्याचा मुद्दा, खोलीतील माणसांचे चेहरे यांवर लक्ष नेणे, ते आत परतले की पुन्हा बाहेर नेणे, असा रोज पाच-सात मिनिटांचा अभ्यास पुरतो. लक्ष परत आत जाईल. ते परत गेले याची नोंद झाली हाच सराव.

बैठकीनंतर तासाभराच्या आत, एकदाच, केवळ पाहिलेले आणि ऐकलेले लिहा. ‘ते कंटाळले’ हे पाहिलेले नाही. ‘एकाने घड्याळाकडे पाहिले, दोघांनी प्रश्न विचारले’ हे पाहिलेले आहे. मग भाकितासमोर निकाल लिहा आणि वही मिटवा. रात्री उजळणी सुरू झाली तर ती जबरदस्तीने दडपू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, तेव्हा ते अस्वल वारंवार येतच राहिले, आणि नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर, आधी दडपून न ठेवलेल्या लोकांपेक्षा त्यांच्या मनात ते अधिक वेळा आले. ‘उजळणी सुरू झाली’ एवढे स्वतःशी म्हणा आणि हातातल्या कामाकडे परत या. नोंद झालेली आहे. पुनर्लेखन करायचे नाही.

शक्य असेल तर एकदा स्वतःच्या बोलण्याचे चित्रीकरण करा. पण ते पाहण्यापूर्वी आपण कसे दिसणार आहोत हे बारकाईने लिहा: आवाज किती कापेल, चेहरा किती लाल दिसेल, किती वेळा अडखळू. नंतर अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहा. ही पूर्वतयारी गाळली तर माणूस चित्रफीत पाहतानाही आतल्या संवेदना आठवत बसतो आणि त्याला तेच दिसते. जवळजवळ प्रत्येकाला मनातले चित्र आणि पडद्यावरचे चित्र यांतला फरक थक्क करतो. अर्थात क्वचित कोणाचा आवाज खरोखरच बराच कापत असतो. मग तपासायचे भाकीत बदलते: आवाज कापला तर लोक मुद्द्याकडे दुर्लक्ष करतात का?

आता नोंदवहीबद्दल दोन शब्द. ती फेकून देऊ नका, पण तिच्याकडे संशयाने पाहा. तुमच्या वर्णनावरून मला शंका येते, की प्रत्येक बैठकीपूर्वी वही भरणे हीच तुमची एक सुरक्षा-वर्तन झाली आहे. वही न भरता बैठकीला जाण्याची कल्पना करून पाहा, पोटात गोळा आला तर शंका खरी समजा. दुसरे असे, की तुम्ही तपासत असलेला विचार बहुधा वरवरचा आहे. ‘सगळे मला मूर्ख समजतील’ याच्या पुढे ‘आणि समजले तर? त्याचा अर्थ काय?’ असे तीन-चार वेळा विचारत गेलात, तर खाली ‘मी मुळातच कमी आहे आणि ते एक दिवस उघडे पडेल’ अशासारखे काही सापडण्याची शक्यता आहे. त्याला हात न लावता वरचे वाक्य कितीही घासले तरी आत काही हलत नाही. ही खालची वाक्ये एकट्याने उकरण्याऐवजी प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने पाहणे बरे.

या दृष्टिकोनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण तुमचा अविश्वास अगदीच अनाठायी नाही. विचार बदलल्यामुळेच माणूस बरा होतो का, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात अजून वादाचा आहे. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नैराश्यावरील बोधनिक उपचाराचे भाग सुटे करून पाहिले: एका गटाला फक्त दैनंदिन कृती वाढवण्याचा भाग दिला, दुसऱ्याला त्यासोबत आपोआप येणाऱ्या विचारांवरचे काम दिले आणि तिसऱ्याला संपूर्ण उपचार. तिन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. काहींनी यावरून विचारांवरचे काम अनावश्यक ठरवले; मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण कृती केल्याने माणसाची भाकिते बदलत नाहीत असे त्यातून सिद्ध होत नाही. पण समजुतीने विचार बदलणे हाच राजमार्ग आहे, असे म्हणण्याचे धाडस त्यानंतर मी केलेले नाही. प्रयोगशाळेतील मानसशास्त्रालाही ही टोचणी होती: ज्या नायसर यांनी या शाखेला नाव दिले, त्यांनीच १९७६ मध्ये तिच्या प्रयोगांचा रोजच्या जगण्याशी संबंध तुटत चालल्याची टीका केली होती.

आणखी एक शक्यता मी दुरून नाकारू शकत नाही. तुमचा विचार खराही असू शकतो. बैठकीत कोणी वरिष्ठ खरोखरच लोकांना टोचून बोलत असतील, चुका झाल्यावर चारचौघांत पाणउतारा करत असतील, तर तुमची भीती हे त्या परिस्थितीचे बऱ्यापैकी अचूक वाचन आहे. तेथे अवधानाचे प्रयोग करून ते वर्तन सहन करायला शिकणे हा उपाय नव्हे. परिस्थिती बदलण्याचे, तक्रारीचे किंवा जागा बदलण्याचे मार्ग पाहावे लागतात. वरील प्रयोगांत हेही उघड होते, कारण भाकीत खरे ठरले तर तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिणार आहात.

काही गोष्टींचा निकाल पत्रावरून लावता येत नाही. ही भीती शाळेपासून आहे की अलीकडे सुरू झाली, ती बैठकीपुरती आहे की माणसे भेटण्याच्या प्रत्येक प्रसंगी येते, झोप कशी आहे, कॅफीन किती घेता, एखादे औषध चालू आहे का, यावर पुष्कळ अवलंबून असते. धडधड आणि थरथर थायरॉइडच्या विकारातही होते, त्यामुळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणे शहाणपणाचे. भीतीपायी तुम्ही बढती, मैत्री किंवा शिक्षण नाकारू लागला असाल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, धीर यावा म्हणून मद्याचा आधार घ्यावा लागत असेल, तर एकट्याने प्रयोग करत बसू नका, तज्ज्ञाकडे जा. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर आजच जा. उपचारकाला पहिल्याच भेटीत विचारा, की ते वर्तनप्रयोग करून घेतात का. फक्त खुर्चीत बसून विचारांची चर्चा होणार असेल, तर तुमच्या अडचणीसाठी ते अपुरे पडेल असे मला वाटते.

किती वेळ लागेल, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. एका बैठकीने धडधड थांबणार नाही, आणि ती थांबली का हे मोजायचेही नाही. सहा बैठका घ्या. प्रत्येकीसाठी एकच पान: भाकीत, विश्वासाचा आकडा, सोडलेली युक्ती, पाहिलेले-ऐकलेले, आणि पुन्हा विश्वासाचा आकडा. पहिल्या दोन पानांवरचे आकडे फारसे हलणार नाहीत. बहुतेक जण तिसऱ्या पानापाशी नाद सोडतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. सहावे पान झाले की सगळी पाने शेजारी ठेवून पाहा आणि वाटल्यास मला कळवा. त्यातही कोणते भाकीत सर्वांत जास्त चुकले, ते आधी लिहा.